बैठकीतली दोरी

पाच दिवस झाले, पावसाची झड काही उघडत नव्हती. त्यात पौषातली परभणीची थंडी, म्हणजे दुपारी बारालासुद्धा हात खिशातून काढवत नाही. अशा दिवसांत व्यंकटरावांच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर दोन ओल्या गाद्या लोंबकळत होत्या.

गाद्या गिनी पिगांच्या होत्या. नात सृष्टीला तिच्या मावशीनं पुण्याहून ही जोडी आणून दिली होती. एक बत्ताशा आणि एक रेवडी. दिसायला बिनशेपटीचे उंदीर, पण चरायला शेळीच्या वर. व्यंकटरावांच्या जुन्या दिवाणाला चहूबाजूंनी जाळी ठोकून मागच्या खोलीत त्यांचं घर केलं होतं. दिवाणाच्या मापाच्या दोन गाद्या सुनेनं, प्रियांकानं, घरीच शिवल्या. आत जुने टॉवेल, वर सासऱ्यांचं चौकड्याचं मऊ ब्लँकेट. एक अंथरायची, एक धुवायची. ऊन होतं तोवर सगळं झकास चाललं. झड लागली आणि पहिली वाळायच्या आत दुसरी भिजायला लागली. बरं, ओल्यावर ठेवावं तर ही नाजूक जात आजारी पडते.

आता हे सगळं गल्लीला माहीत असतं तर काही बिघडलं नसतं. पण व्यंकटरावांनी सक्त ताकीद दिली होती, "सृष्टे, गल्लीत बोलायचं न्हाई. रविवारपर्यंत तरी न्हाई."

रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष निवडायचा होता. एक उमेदवार व्यंकटराव, दुसरे अण्णासाहेब. व्यंकटराव तहसिलातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. आठ वर्षं संघाच्या सतरंज्या उचलून त्यांनी या दिवसाची वाट पाहिली होती. अशा माणसानं उतारवयात उंदीर पाळलेत म्हटल्यावर लोकांनी फिदीफिदी हसूनच मतं दुसऱ्याला दिली असती.

तर बुधवारी सून ऑफिसला, नात शाळेत, आणि व्यंकटराव गादी वाळवण्याच्या कामात. कारकून माणूस, कुठलंही काम पद्धतशीर करणार. गादी कोरड्या चादरीत गुंडाळून ते तिच्यावर उभे राहिले आणि पाय बदलत पाणी दाबून काढायला लागले. तेवढ्यात समोरच्या बायनाबाई वाटी परत द्यायला दारात आल्या.

"अगं बाई! काय झालं हो भाऊ?"

"काही न्हाई, पाणी सांडलं."

"अंथरुणावर?"

"हां. तांब्या लवंडला."

गुरुवारी बायनाबाईंनी दारातूनच विचारलं, "आज बी तांब्या?"

"आज बी," व्यंकटराव म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसतं दोरीकडे बघितलं, ब्लँकेटचे चौकडे ओळखले आणि खाली मान घालून निघून गेल्या. व्यंकटरावांनी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं. पण त्यांना वाटलं, बरं झालं, पीडा टळली.

संध्याकाळी बायनाबाई डबा घेऊन आल्या. "तिळाचे लाडू हायत. झोपताना एक खायचा. अन् लाजायचं न्हाई भाऊ, आपलं माणूस म्हणून द्यायले."

थंडीत तिळाचा लाडू खायला लाजायचं कशाला, हे काही व्यंकटरावांना कळलं नाही. लाडू मात्र चांगले होते.

शनिवारी चहाच्या टपरीवर संघाची मंडळी जमली. कुणीतरी टपरीवाल्याला हळूच म्हणालं, "परमेश्वर, भाऊंना अर्धाच दे." व्यंकटराव बसायला गेले तर दोघांनी हाताला धरून कडेच्या खुर्चीवर बसवलं. "इथं बसा. उठायला सोपं." व्यंकटरावांना वाटलं, अध्यक्ष व्हायच्या आधीच मान मिळायलाय. खुशीतच घरी आले.

घरी प्रियांका हुंदका आवरत बसली होती. "मामा, रागावू नका. गल्लीत असं बोलायलेत की तुमी रात्री... अंथरुणात..." पुढचं तिला बोलवेना.

"मी?" व्यंकटराव खाटेवर मटकन बसले. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना झोपताना देतात तो तिळाचा लाडू, अर्धा चहा, कडेची खुर्ची, सगळं एकदम डोक्यात शिरलं. आधी संताप आला, मग डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर इस्त्रीचा सदरा घालून वावरलेला माणूस आणि शेवटी नावाला हा वास!

"सृष्टे, झाकणाची टोपली काढ," ते गरजले. "उद्या सभेत दोघांना नेतो अन् टेबलावर सोडतो. हसले तर हसू दे. उंदीरवाला म्हणा, पण हे नका म्हणू."

रविवारी मारुतीच्या सभामंडपात सभा होती. व्यंकटराव टोपली पोटाशी धरून पायरी चढतात न चढतात तोच अण्णासाहेबांनी त्यांना बाजूला, पिंपळाखाली ओढलं.

"व्यंकटराव, एक इचारू का? पण इथंच ठेवा."

"इचारा की."

"तुमी वाळवता कसं?"

व्यंकटरावांनी झाकणाच्या कडीला हात घातला.

"माझं वर्षभर चालू हाय," अण्णासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "घरात कुणालाच माहीत न्हाई. पहाटे उठून मीच धुतो अन् पलंगाखाली दडवतो. ऊन असलं की निभतं हो. पण ह्या झडीत वाळंनाच. वास मारायलंय. चार रात्री झाल्या, खुर्चीत बसून झोपायलोय. लेकीनं सणाला बोलावलं, तब्येतीचं निमित्त सांगून गेलो न्हाई." त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "परवा तुमच्या बैठकीत दोरी बघितली. राजरोस, पार दारासमोर! म्हटलं, व्यंकटरावाचं काळीज लय मोठं."

व्यंकटरावांचा हात टोपलीच्या झाकणावर होता. नुसतं झाकण उचलायचा अवकाश, की त्यांचं नाव धुतल्या गादीसारखं स्वच्छ झालं असतं. आणि अण्णासाहेब उद्यापासून पुन्हा एकटेच पलंगाखाली वाकले असते.

त्यांनी एक सुस्कारा सोडला. झाकणाची कडी नीट लावली.

"मशिनीत दोनदा पिळायचं," ते म्हणाले. "मग कोरड्या चादरीत गुंडाळून वर उभं राहायचं. जाड बाजू पंख्याकडं, तासाला उलटायचं. घडी घालून ठेवायचं न्हाई, तिथंच वास धरतो. शेवटच्या पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर."

"व्हिनेगर," अण्णासाहेबांनी मनात टिपून घेतलं.

"अन् डॉक्टरला दाखवू. आपण दोघं... संगंच जाऊ."

सभा सुरू झाली. अण्णासाहेब उठले ते नाव मागं घेण्यासाठीच. "आपल्याला असा अध्यक्ष पाहिजे," ते म्हणाले, "जो काही झाकून ठेवत न्हाई." सगळ्या माना हलल्या. दोघांतिघांचे डोळे ओले झाले, आणि त्यांचेही का झाले असतील, असा विचार व्यंकटरावांच्या मनात येऊन गेला. नेमकं तेव्हाच मांडीवरच्या टोपलीतून बत्ताशानं गवतासाठी जोराची शीळ घातली.

"भाऊ, आवाज कसला?"

"पोट," नूतन अध्यक्ष म्हणाले. "तिळाचे लाडू जास्ती झाले."

घरी आल्यावर सृष्टीनं विचारलं, "आबा, दाखवलं का?"

"न्हाई बेटा. अन् तू बी आता कुणाला दाखवू नको."

"रविवार तर झाला की!"

"मुदत वाढवली," व्यंकटराव म्हणाले.

सोमवारी सकाळी पुन्हा भुरभुर सुरू झाली. अण्णासाहेब छत्रीखाली एक बांधलेली पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्याकडे दोरी बांधायला आडोसा नव्हता म्हणे. व्यंकटरावांनी काही न विचारता गाद्या सरकवून जागा केली. मग दोघे म्हातारे पंख्याखाली स्वेटर घालून कुडकुडत, दर तासाला बाजू उलटत, पूर्ण कपभर चहा घेत बसले.

समोरच्या खिडकीत बायनाबाई उभ्या होत्या. त्यांनी दोरीवर बोट फिरवत मोजलं आणि आत वळून कळवळून म्हणाल्या, "कालपर्यंत दोन होती, आज तीन. लय वाढलंय गं बाई भाऊचं. तीळ काढ अजून."