न विचारता ओळखणारी वेबसाइट

माणसाने तोंड उघडायच्या आधी त्याची भाषा ओळखणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे! तुम्ही आमची वेबसाइट उघडलीत की तुमच्या फोनची भाषा कोणती, तुम्ही कुठल्या गावात आहात, मागच्या खेपेला काय वाचलंत, एवढं सगळं मी बेंगळुरात इंदिरानगरच्या ऑफिसात बसून हेरतो आणि पान तुमच्या भाषेत समोर ठेवतो. 'भाषा निवडा' असलं बटण मी ठेवतच नाही. पाहुण्याला दारात उभं करून चौकशा करण्याबद्दल आम्ही पुणेकर आधीच बदनाम आहोत.

ही सगळी विद्या मी रक्षिताच्या वडिलांसाठी पणाला लावायची ठरवली. राजाजीनगरात नरसिंहरावांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आणि घर त्याच्याच वर. कुटुंब कित्येक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, पण घरात बोलणं मराठीत. मला रक्षिताशी लग्न करायचंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यावर ते फक्त "बघू या" म्हणाले होते. त्या "बघू या"ने माझी झोप उडाली होती. दुकानाची वेबसाइट करून दिली की माणूस विरघळेल, अशी माझी अटकळ.

एकच अडचण होती. नरसिंहरावांचा फोन इंग्रजीत. म्हणजे माझ्या नियमाने त्यांना इंग्रजी पान दिसणार. होणाऱ्या सासऱ्यांशी इंग्रजीत? छे! मी त्यांच्यापुरता खास नियम घातला: मालक आले की मराठी. रक्षितालाही सांगितलं नाही. म्हटलं, तिलाही जरा चकित होऊ दे.

उद्घाटन दुपारी, त्यांच्या दिवाणखान्यात. रक्षिता ऑफिसात होती. सगळ्या गिऱ्हाइकांना वेबसाइट सुरू झाल्याचा निरोप मी सकाळीच धाडला होता. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून नरसिंहरावांच्या फोनचा आवाज बंद केला, पान उघडून फोन त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीत अदबीने बसलो.

नरसिंहरावांनी चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मायबोली बघून गहिवरले असावेत! मग त्यांनी फोन रक्षिताच्या आईला, पुष्पावतीअक्कांना दिला. त्यांनीही तो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"रंग छान आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन परत करून कॉफी करायला उठल्या.

हे काही मला अपेक्षित कौतुक नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, एखादं बटण दाबून बघा ना. त्यांनी दाबलं. त्यावर काहीतरी प्रश्न आला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आणखी एक बटण दाबलं. "सरी," ते म्हणाले, म्हणजे 'ठीक'. फोन टीपॉयवर उपडा ठेवला. मी सुटकेचा श्वास सोडला.

थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. दारात शेजारच्या गल्लीतले रघुजी उभे, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, तोंड उतरलेलं. नरसिंहरावांना समोर बघताच त्यांनी चौकट घट्ट धरली. तेवढ्यात कॉफी घेऊन अक्का आल्या. त्यांनाही रघुजींनी खालून वर न्याहाळलं आणि ते मटकन खाली बसले.

"मग कोण गेलं?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

रघुजींच्या मागोमाग आणखी चौघेजण आले, तेही तसेच. मग धापा टाकत, रडत रक्षिता. आली ती थेट वडिलांच्या गळ्यात पडली. तिच्या हातातल्या फोनवर इंग्रजीत लिहिलं होतं: आमचं दुकान आजपासून बंद आहे.

मी टीपॉयवरचा फोन उलटून पाहिला. नरसिंहरावांनी दाबलं होतं ते 'दुकान बंद ठेवा', आणि त्यानंतर 'नक्की?'वर 'हो'. त्याबरोबर सगळ्या गिऱ्हाइकांना आपोआप निरोप गेले होते. हे दुकान आजवर एकदाच असं अचानक बंद झालं होतं, नरसिंहरावांचे वडील वारले तेव्हा. त्यात जेवणाची सुट्टी म्हणून खाली शटर अर्धं ओढलेलं! आणि माझी करामत बघा: कन्नडवाल्यांना कन्नडात, तमिळवाल्यांना तमिळमध्ये, ज्याला त्याला बातमी ज्याच्या त्याच्या भाषेत पोचली होती. एकाचीही भाषा चुकली नव्हती.

रक्षिताने डोळे पुसून वडिलांचा फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"शंतनु, अप्पांना मराठी वाचता येत नाही. अम्मालाही नाही. दोघांची शाळा कन्नड. आमची मराठी फक्त तोंडात आहे."

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मी कसाबसा म्हणालो, अण्णा, मग बोलला का नाहीत?

"तुम्ही एवढ्या हौसेनं केलंत. तोंडावर कसं सांगायचं?" नरसिंहराव म्हणाले. "तुम्ही स्वल्प विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी वेबसाइटवर दुकान पुन्हा उघडलं, सगळ्यांना माफीचा निरोप पाठवला आणि भाषा निवडायचं बटण बसवलं, तेही पानाच्या ऐन मध्यभागी. अक्का शोक करायला आलेल्यांना कॉफी देत होत्या. आता लग्नाचा विषय काढायची माझी छाती नव्हती. मी हळूच चपला घातल्या.

नरसिंहराव मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. दुकानासमोर थांबून म्हणाले, "आमच्याकडे लग्नाची पत्रिका कन्नडात छापतात. चालेल ना?"

लग्नाची पत्रिका! माझा कानांवर विश्वास बसेना. न चालायला काय झालं, मी म्हणालो, इतकी वर्षं बेंगळुरात आहे की मी.

"मग ही पाटी वाचा बघू." त्यांनी दुकानावर बोट दाखवलं.

ती पाटी मी कित्येक महिने येता-जाता बघत होतो. मोठी, ठसठशीत, सगळी कन्नडात. मी चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला.

"रंग छान आहेत, अण्णा," मी म्हणालो.