पहिली फेरी घरच्यांची

"माझो पाळणो? अरे, दिल्लीचो सायब येवंदे, नायतर खुद्द ब्रह्मदेव! बोट ठेवक जागो मिळाचो नाय!"

जत्रेच्या सकाळी आचऱ्याच्या माळावर सहदेव छाती फुगवून चारचौघांना सांगत होता. आदल्या साली दुसऱ्या एका जत्रेत पाळणा कोसळून एक बाई गेली होती. तेव्हापासून सरकारी तपासणी झाल्याशिवाय पाळणा फिरवायचा नाही, असा हुकूम निघाला होता. सहदेवाने तपासणीची जय्यत तयारी केली होती. म्हणजे काय, तर ज्या लाकडी आसावर सगळं चाक फिरतं, त्याला हातभर चीर गेली होती. ती त्याने सुंभाने करकचून आवळली आणि वरून होडीचं डांबर फासलं! नवा आस आणणार कुठून? आणि पाळणा फिरला नाही तर चूल कशी पेटणार?

तपासणीला आले प्रभूसाहेब. उंच, काटकुळे, चेहरा असा की नुकतेच स्वतःच्याच तेराव्याला जेवून आलेत! त्यांनी फळ्या ठोकल्या, खिळे चाचपले. डांबराला बोट लावून त्याचा वास घेतला.

"ठीक दिसतंय," साहेब म्हणाले. सहदेव श्वास सोडणार, एवढ्यात ते पुढे म्हणाले, "आता पहिली फेरी मालकाच्या घरच्यांची. ही माझी पद्धत आहे. बोलवा त्यांना."

बोलवायचं कशाला? बायको सुगंधा आणि आई गोदूबाई समोरच खाज्याच्या दुकानापाशी उभ्या होत्या. सरकारने आपल्याला मान दिला म्हटल्यावर दोघी पदर सावरत तरातरा आल्या आणि पाळण्यात बसल्यासुद्धा!

सहदेव धावत साहेबांच्या आडवा आला.

"सायबानू, आयेक चक्कर येता हो!"

"माका?" गोदूबाई कडाडली. "मेल्या, भर वाऱ्यात होडयेन देवगडाक जावन इलंय मी!"

"मगे... मगे बाईल दोन जिवाची आसा!"

सुगंधा लाजेने लालबुंद. गोदूबाईने तर सुनेला मिठीच मारली. "गो, माका कित्याक नाय सांगलंस?"

"कायतरीच काय, आये! तसा काय एक नाय!" सुगंधा खेकसली. मग नवऱ्याकडे वळली. "लोकांत बसलंय म्हणान माझी लाज वाटता तुमकां? आता तर उतरूचंय नाय!"

"फिरवा," साहेब म्हणाले.

गड्यांनी चाकाला हात घातला. पाळणा माणसाच्या डोक्याइतका वर गेला आणि डांबराखालून कर्रर्र असा आवाज आला. सहदेवाने उडी मारली आणि तो पाळण्याला माकडासारखा लोंबकळला.

"थांबवा रे! आस मोडलेलो आसा! मोडलेलो आसा!"

मालक गंमत करतोय असं वाटून गडी खदाखदा हसले. पोरांनी टाळ्या पिटल्या. गड्यांनी आणखी जोर लावला.

आणि आस फुटला.

पाळणा खाली आदळला. सहदेव बाजूला फेकला गेला. धूळ बसली तेव्हा सुगंधाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि गोदूबाईचा हात कोपरापासून वाकडाच झाला होता. म्हातारी ओरडतही नव्हती. नुसती त्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"परवानगी नाही," प्रभूसाहेब म्हणाले. जसं काही कुणी विचारलंच होतं!

सुगंधाने पदर फाडून सासूचा हात बांधला. मग हळूच विचारलं, "तुमकां ठावक होता?"

"होय."

"म्हणान आमकां उतरवूक बघीत होतास?"

"होय गो."

तिचा चेहरा क्षणभर निवळला. सहदेवाला वाटलं, सुटलो! पण तिची नजर त्याच्यामागे गेली. आपली पाळी कधी येते म्हणून बायका पोरांचे हात धरून तिथे रांगेत उभ्या होत्या.

"आणि ह्येंका?"

सहदेवाने मागे वळून पाहिलं. कसाबसा पुटपुटला,

"त्येंका... हळू फिरवतलंय होतंय."

सुगंधाने पाठ फिरवली. सासूला धरून हाडवैद्याच्या वाटेला लागली. सहदेव लंगडत मागून निघाला, त्या रांगेच्या समोरून. शिव्या खायच्या म्हणून त्याने मान खाली घातली, पण बायकांनी फक्त आपापली पोरं मागे ओढून घेतली. एकीने तरी शिवी घालायची होती!