ढाल कोण धरणार

"ढाल घेऊन ड्रॅगन मारणं म्हणजे छत्री घेऊन पोहणं. त्याला कोणी पोहणं म्हणत नाही."

"आणि तुझ्या गेममध्ये काय असतं रे? एक तलवार, एक बटण, टक टक टक. टायपिंगचा क्लास आहे तो."

"टायमिंग लागतं त्याला. खांबाआड लपून बसायला काय लागतं?"

रविवारचे साडेअकरा वाजले होते. छत्रीवाला आतेभाऊ सोफ्याच्या हातावर बसला होता, आणि ढाल्या खाली फरशीवर, टीव्हीपासून दोन हातांवर. ढाल्या हे नाव आतेभावानंच पाडलेलं. आता आईसुद्धा त्याच नावानं जेवायला हाक मारायची, त्यामुळे त्या नावावरून भांडणं त्यानं सोडून दिलं होतं. बाकी भांडायला विषय भरपूर होते.

दोघांचे गेम एकाच जातीचे. तुम्ही मेलात की कमावलेलं सगळं तिथेच सांडतं, तुम्ही लांब कुठेतरी शेकोटीपाशी उठता, आणि वाटेत जेवढ्यांना मारलं होतं ते सगळे परत ताजेतवाने होऊन उभे. आतेभावाचा गेम 'एकच वार'. त्यात ढाल मिळतच नाही, समोरचा वार आपल्या वारानं नेमक्या क्षणी उडवायचा. ढाल्याचा 'काजळगड'. त्यात ढाल मिळते, पण शेवटचा ड्रॅगन असा आहे की ढाल मिळूनही माणूस रडतो. ढाल्या त्याच्या हातून दोनशे चौदा वेळा मेला होता. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून.

"मी एकशे साठात संपवला माझा," आतेभाऊ म्हणायचा.

"म्हणजे सोपा होता," ढाल्या म्हणायचा.

लोक मार्क सांगतात तसा ढाल्या दोनशे चौदा हा आकडा सांगायचा. मार्क त्याच्याकडे नव्हतेच. दहावीच्या आधी शाळा सोडली, कारण गणिताच्या सरांनी वर्गासमोर टपली मारली आणि त्यानं सरांचा डस्टर खिडकीतून फेकला. मोबाईल दुरुस्तीचा क्लास अर्ध्यात सोडला. सामान पोचवायची नोकरी अकरा दिवस टिकली. त्याचे पप्पा लिफ्टचे मेकॅनिक, कमी बोलणारे. पण मागच्या आठवड्यात बोलले.

"तुझं एक काम दाखव मला. एकच. जे तू शेवटपर्यंत नेलंस."

"ड्रॅगन नेतो," ढाल्या रागात म्हणाला.

पप्पांनी जरा विचार केला. "चालेल. ड्रॅगन तर ड्रॅगन. पण माझ्यासमोर. मागाहून येऊन सांगायचं नाही."

म्हणून आज पप्पा खुर्ची पुढे ओढून बसले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. बावीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात आणि छपरावर काम केलेला हा माणूस घरात बल्ब बदलताना स्टुलावरून पडला होता. हे कोणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं, आणि आईनं पूर्ण इमारतीला सांगितलं होतं.

आज ढाल्याचा हात चांगला बसला होता. ड्रॅगनचं अर्धं रक्त गेलं, मग आणखी थोडं. आतेभाऊ गप्प झाला, ही सगळ्यात चांगली खूण. पाव रक्त उरलं, आणि पप्पांचा फोन वाजला.

आईनं स्पीकरवर घेतला, कारण तिचे हात साबणाचे होते. फोन आत्याचा होता. ती जेवायलाच येत होती.

"दादा, तुझी लिफ्ट बंद पडली. मी आत आहे. घाबरले नाहीये, पंखा चालू आहे. पण माझ्याकडे दोन किलो आइसक्रीम आहे, ते वितळतंय."

"कुठे थांबली?"

"तिसरा गेला, चौथा आला नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी पप्पांनी ढाल्याला एक काम दिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी एक छोटा खटका असतो, दार नीट लागलं की नाही ते लिफ्टला कळवणारा. तो सैल झाला होता. दोन स्क्रू घट्ट करायचे, एवढंच. ढाल्यानं एक केला. दुसऱ्याला बारीक स्क्रूड्रायव्हर लागत होता, तो घरी होता. घरी आला तर आतेभाऊ आलेला, आणि टीव्ही चालू. दुसरा स्क्रू तसाच राहिला. ढाल्याला हे आत्ता, ड्रॅगनसमोर उभं असताना आठवलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पप्पा उठायला लागले.

"तुम्ही कुठे?" आई म्हणाली. "हात हलवायचा नाही सांगितलंय. तो जाईल."

"पॉज कर आणि जा," पप्पा म्हणाले.

"पॉज होत नाही."

"म्हणजे?"

"हा गेम थांबतच नाही, मामा," आतेभाऊ म्हणाला. "मधून उठलं की मेलं."

"थांबवता न येणारी वस्तू या घरात आणली कोणी?" आई म्हणाली.

ढाल्यानं तेवढ्यात ड्रॅगनला चुकवून आपला माणूस एका जाड खांबाआड नेला. इथे ड्रॅगनचे पंजे पोचत नव्हते. फक्त आग यायची, खांबाच्या दोन्ही बाजूंनी. आग आली की ढाल वर करायची, थांबली की खाली घ्यायची. सतत वर धरली तर माणसाचा हात थकतो आणि ढाल गळून पडते.

"ए, धर ना जरा," तो आतेभावाला म्हणाला.

"ढाल? मी? तत्त्वात बसत नाही."

"तुझी आई अडकलीय लिफ्टमध्ये."

"मग मी तिकडे येतो. ढाल नाही धरणार."

"आण इकडे," पप्पा म्हणाले. "डावा हात चांगलाय माझा. कुठलं बटण?"

"डावीकडचं वरचं. आग आली की दाबायचं, गेली की सोडायचं. बाकी कशाला हात लावू नका."

"मला शिकवू नकोस," पप्पा म्हणाले आणि कंट्रोलर मांडीवर घेतला, पट्टीसारखा सरळ.

लिफ्टची मशीन रूम गच्चीवर. दोघं लिफ्टच्या चाव्या घेऊन, पायऱ्या चढून धापा टाकत पोचले. ढाल्यानं फोन स्पीकरवर करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्यातून पप्पांचा आवाज यायचा आणि मागे ड्रॅगन.

"मेन बंद केलास?"

"केला."

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. बंद होता.

"तिसऱ्याचा खटका तुटला असणार, म्हणून ती आता आपणहून हलायची नाही. मशीनचं चाक हातानं फिरवून वर आणावी लागेल. एकानं ब्रेकची दांडी, एकानं चाक. दांडी थोडी उचलायची, चाक थोडं फिरवायचं, दांडी सोडायची. एकदम न्यायची नाही."

ढाल्या लहानपणी रविवारी पप्पांबरोबर यायचा, हे सगळं त्यानं शंभरदा बघितलं होतं. केलं मात्र एकदाही नव्हतं. त्यानं दांडी धरली. आतेभावानं चाक धरलं आणि बाह्या सरसावल्या.

"मी सांगेन तेव्हाच," ढाल्या म्हणाला.

"हो रे."

ढाल्यानं दांडी जेमतेम उचलली, आणि आतेभावानं चाक असं फिरवलं की जणू समोरून वार आलाय. चाक अर्धा फेरा सुटलं. खालून, लिफ्टच्या विहिरीतून, आत्याचा आवाज आला, शब्द न कळणारा पण अर्थ पूर्ण कळणारा. ढाल्यानं दांडी सोडली. कट्ट करून सगळं थांबलं.

"काय करतोयस?"

"एका झटक्यात संपवत होतो. दोन इंच दोन इंच करून संध्याकाळ होईल."

"हा तुझा गेम नाही. इथे चुकलं तर कोणी शेकोटीपाशी उठत नाही. तुझी आई आहे त्यात."

आतेभावाचा चेहरा उतरला. त्यानं हात पँटला पुसले. "बरं. तू सांग."

"आता मी म्हटलं की पाव फेरा. मग हात तसाच धरून ठेवायचा."

"ठीक आहे."

ढाल्यानं खिशाकडे बघितलं. आतून आग ओकल्याचा आवाज आला, मग शांतता. पप्पांनी ढाल खाली घेतली असणार.

"पप्पा."

"बोल."

"सकाळी मी एकच स्क्रू लावला होता. दुसरा राहिला."

मग परत आग आली, परत थांबली.

"माहितीय," पप्पा म्हणाले. "बारीक स्क्रूड्रायव्हर टीव्हीपाशी पडलाय, सकाळपासून बघतोय. दांडी धर."

मग ढाल्यानं दांडी धरली. उचल, पाव फेरा, सोड. उचल, पाव फेरा, सोड. घाई करावीशी वाटली की तो हात मागे घ्यायचा आणि एक श्वास घ्यायचा. ही सवय त्याला दोनशे चौदा वेळा मरून लागली होती, शाळेनं लावली नव्हती. लिफ्टच्या तारेवर प्रत्येक मजल्याची एक पांढऱ्या रंगाची खूण असते, ती मशीनच्या चौकटीशी जुळली की मजला आला. चौथ्याची खूण हळूहळू वर सरकत होती. आतेभावाच्या नाकावरून घाम खाली टपकला तरी त्यानं चाक सोडून तो पुसला नाही.

"जुळली," ढाल्या म्हणाला.

"ब्रेक बसलाय ना पूर्ण?" खिशातून पप्पा.

"बसलाय."

"मग जा, चावीनं दार उघड. आधी लिफ्ट समोर आहे का ते फटीतून बघ, मगच दार ओढ."

ढाल्यानं चौथ्यावर उतरून फटीतून बघितलं. समोर आत्या होती. दार उघडलं तेव्हा लिफ्ट आणि मजला यांच्यात बोटभरही फरक नव्हता. आत्या पाय वर न चढवता, सरळ चालत बाहेर आली, आणि तिनं खाली वाकून तो फरक बघितला, कारण भाऊ मेकॅनिक असल्यामुळे तिला यातलं कळत होतं.

"सरळ आणलीस रे," ती म्हणाली. "सुरुवातीला तो धक्का कोणी दिला?"

आतेभाऊ आइसक्रीमची पिशवी घेऊन वर चालायला लागलाही होता.

'लिफ्ट बंद' अशी पाटी लावून तिघं घरी आले तेव्हा पप्पा त्याच खुर्चीत, त्याच पोझमध्ये होते. खांबाआडचा माणूस जिवंत होता. रक्त तेवढंच, एक थेंब कमी नाही. आई मागे उभी राहून त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती.

"तुझ्या ड्रॅगनमध्ये काही दम नाही," पप्पा म्हणाले. "बरोबर नऊ मोजले की फुंकतो. तिसऱ्यांदा जरा लांब फुंकतो. मग डावा पंख उचलतो आणि दोन मोजेपर्यंत रिकामा असतो. घ्या तुमचं."

ढाल्यानं कंट्रोलर घेतला. ड्रॅगनचं पाव रक्त, स्वतःची ढाल शाबूत, समोर पप्पा, वर आत्यानं तारीफ केलेली. तो खांबाआडून बाहेर निघाला. छाती इतकी फुगली होती की नऊ मोजायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. ग्रीस लागलेलं बोट बटणावरून घसरलं. चार सेकंदांत मेला.

आत्यानं आइसक्रीम ग्लासात ओतलं, कारण ते आता ओतण्यासारखंच झालं होतं.

"पाव रक्त होतं," ढाल्या म्हणाला. "तुमच्यासमोर संपवायचा होता."

पप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. "परत लाव."

"आता पूर्ण रक्त असणार त्याचं."

"असू दे. मला नऊ मोजता येतात. तुला वार करता येतो का रे?" हे आतेभावाला.

"येतो, मामा. पण ढाल..."

"ढाल माझ्याकडे. तू उजवी बाजू धर."

आणि खरंच, एकाच कंट्रोलरला डावीकडून पप्पांचा हात आणि उजवीकडून आतेभावाचा. खांद्याला खांदा लावून दोघं सोफ्यावर बसले. पप्पा मोजायचे, "सात, आठ, नऊ, धरली," आणि मग, "पंख. मार." आतेभाऊ मारायचा. एकदाही घाई नाही केली त्यानं. ढाल्या उभा राहून बघत राहिला. रागानं त्याच्या मुठी वळल्या होत्या. दोनशे पंधरा वेळा तो मेला होता, आणि हे दोघं एका दुपारीत निम्म्यापर्यंत आले होते.

फोन वाजला. पप्पांनी मान हलवली, आत्यानं त्यांच्या कानाला लावला.

"बोलतोय. कुठली? डोळ्यांच्या दवाखान्याची? दार लागत नाही? आत कोणी नाही ना? बरं. नाही, माझा हात मोडलाय. स्टुला... कामावर मोडला." आईनं छताकडे बघितलं. "माणूस पाठवतो. हो, चांगला आहे. माझाच मुलगा. आत्ताच एक सुटका केली त्यानं. थांबा, जिला सोडवलं तिच्याशीच बोला."

"बोटभरही फरक नव्हता," आत्या फोनमध्ये म्हणाली. "मी स्वतः वाकून बघितलं."

पप्पांची नजर टीव्हीवरून हलली नव्हती. "पट्टी बांधलेली माणसं जिन्यानं उतरतायत तिथे," ते म्हणाले. "काळी पिशवी घे. दाराच्या रुळात काहीतरी अडकलं असेल, आधी तेच बघ. नसेल तर फोन कर. सात, आठ."

"हे माझ्याशिवाय मारणार तुम्ही?"

"बघू. नऊ, धरली."

ढाल्यानं पिशवी उचलली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा जड होती. टीव्हीवर डावा पंख उचलला गेला, आतेभावाचा वार बसला, आणि ड्रॅगन पहिल्यांदाच गुडघ्यावर आला. इतकं कमी रक्त ढाल्यानं आजवर बघितलं नव्हतं.

"अरे, थांब की," आतेभाऊ म्हणाला. "दोन मिनिटं. पडताना तरी बघून जा."

"लोक जिन्यात आहेत," ढाल्या चपला घालत म्हणाला. "मला निघायला हवं."