अस्वल, नग बारा

साहेबांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली, तसे अप्पा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. जंगलात बारा कॅमेरे बांधून अप्पांच्या पदरात आजवर काय पडलं होतं? ससे, मुंगसं आणि वाऱ्याने हलणारं गवत. महिन्यापूर्वी सगळ्या कॅमेऱ्यांच्या जागा बदलल्या, त्यांचे फोटो आज उघडायचे होते. त्यातही मोठं जनावर निघालं नाही तर प्रकल्प बंद आणि अप्पांची रवानगी तळघरातल्या फायलींत, हे साहेबांनी कालच बजावलं होतं.

"साहेब, अस्वल!" संगणकावर बसणारी ताई ओरडली. फोटोंतली जनावरं ओळखायचं काम तिने यंत्रावरच सोपवलं होतं. "बाराच्या बारा कॅमेऱ्यांत दाखवतंय!"

"अस्वल? आपल्याकडे?" साहेब उभेच राहिले.

अप्पा टाळी वाजवणार, तोच पहिला फोटो उघडला. तपकिरी पाठ, खाली घातलेलं डोकं, चार पायांवरची जड चाल. उजव्या कोपराला ठिगळ. ते ठिगळ अप्पांच्या बायकोने लावलेलं होतं.

कॅमेरा झाडाला बांधला की समोरून रांगत जायचं आणि तो टिपतोय ना ते पाहायचं, हा कामाचा नियमच होता. अप्पा रांगले होते, तपकिरी स्वेटर घालून. ते फोटो पुसायचे तेवढे राहून गेले होते.

साहेबांनी फोन उचलला. "वर कळवतो आत्ताच."

अप्पा पुढे झाले. गप्प राहावं तर उद्या बिंग फुटणार, बोलावं तर आजच तळघर.

"साहेब, थांबा! ते अस्वल... मी आहे."

साहेबांनी फोटो पाहिला, मग अप्पांच्या अंगातला स्वेटर पाहिला. फोन खाली ठेवला.

"बाराही?"

"बाराही, साहेब."

"मग उद्यापासून तळघर."

ताई हसू दाबत पुढचे फोटो पाहत होती. "अप्पा, बाराव्यात फारच मनावर घेतलंत हो! झाडाला पाठ काय घासताय!"

अप्पांनी दचकून मान वर केली. बारावा कॅमेरा ओढ्यापलीकडच्या चढावर होता. तो कसाबसा बांधून ते दुखरा गुडघा धरून परत फिरले होते. तिथे ते रांगलेच नव्हते.

"साहेब, तो मी नाही!"

"आत्ताच बाराही म्हणालात." साहेबांनी फाइल उघडली. "हा तुमचा अहवाल. 'सर्व ठिकाणी स्वतः रांगून खात्री केली.' सही कुणाची ही?"

अस्वल खरं ठरवायचं तर अहवाल खोटा ठरत होता. अप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"सही माझीच. पण तिथे नाही रांगलो, साहेब. गुडघा धरला होता. हवं तर नखं बघा, एवढी माझी असतील का?"

साहेबांनी पडद्याला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग त्यांनी पुन्हा फोन उचलला. "प्रकल्प चालू राहील."

अप्पांचा जीव भांड्यात पडला.

"पण खोटा अहवाल मी वर पाठवणार नाही," साहेब नंबर फिरवत म्हणाले. "बाराव्याची चाचणी राहिलीय. आत्ता निघा आणि नीट रांगून या."

अप्पांनी स्वेटर काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवला.