एका उंदराचा नकाशा

सगळ्या शहराचे उंदीर एकाच बिल्डिंगमध्ये राहतात, असं नकाशा म्हणत होता. आणि ती बिल्डिंग नकाशेवालीची स्वतःची होती.

नकाशेवाली उंदीर खात्यात टेम्पररी. तक्रारीचा फोन आला की नकाशावर एक ठिपका पडायचा. ठिपके सगळीकडे सारखे थोडेच असतात? कुठे दाट, कुठे विरळ. ते किती दाट, हे ती कॉम्प्युटरवर 'आर' नावाच्या प्रोग्रॅममध्ये काढायची. दाट तिथे लाल रंग, लाल तिथे पिंजऱ्यांची गाडी. आजचा नकाशा साहेबांना पटला तर ती पर्मनंट. नाही पटला तर घरी. साहेब जेवून आले की मीटिंग.

आणि तिच्या घरावर ठिपक्यांचा हा ढीग. तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, तुम्ही उंदराची तक्रार केलीत?"

"केली की. रोज करते. सकाळी एक, दुपारी एक. फोनवरची मुलगी फार गोड बोलते गं. तुझ्यासारखं नुसतं हं-हं करत नाही."

"किती उंदीर आहेत?"

"एकच. पण मेला फिरतो किती."

"आई, अहो, माझी नोकरी जाईल."

"मग मी काय उंदराला सांगू, सुनेची नोकरी आहे, जरा दमाने घे?"

ठिपके पुसावेत, तर त्यात शेजाऱ्यांचे खरे किती, कसं कळणार? वर कुणी म्हणायचं, बाईने स्वतःचं घर तेवढं वाचवलं. मग तिने दुसरंच केलं. एका ठिपक्याचा रंग किती लांब पसरवायचा, त्याचा एक आकडा असतो. तो कमी केला, तर शहराला गोवर आला. वाढवला, तर तिच्या घरावरचा डाग टम्म फुगला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसला. ती आकडा मागे घेणार, इतक्यात पाठीमागून आवाज आला.

"हे माझं घर ना?"

साहेब. हातात रुमाल, नजर स्क्रीनवर.

"सर, ते नुसतं पसरलंय. तुमच्याकडची एकही तक्रार नाही. सगळ्या आमच्या बिल्डिंगच्या. म्हणजे बहुतेक आमच्या सासूबाईंच्याच. उंदीर एकच आहे, सर. मी लगेच नीट करते."

साहेबांनी दार लावलं आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. गेली नोकरी, तिला वाटलं.

"माझी तक्रार असेल कशी?" साहेब हळूच म्हणाले. "उंदीर खात्याच्या साहेबाने उंदरासाठी फोन केला, तर लोक तोंडात शेण घालतील. आमची ही महिनाभर खुर्चीवर पाय वर घेऊन भाजी चिरतेय. माझ्याशी बोलत नाही ते वेगळंच."

"मग हा डाग, सर?"

"राहू दे. शास्त्रीय आहे. गाडी आजच पाठवू, आणि तुझ्या पर्मनंटच्या कागदावर सहीही आजच करतो. फक्त तो आकडा हलवायचा नाही. आणि ढीग कमी होता कामा नये."

साहेब गेले. नकाशेवालीने परत घरी फोन लावला.

"आई, दुपारची तक्रार केलीत?"

"नाही बाई. तू एवढी ओरडलीस."

"करा," नकाशेवाली म्हणाली. "आणि दोनदा करा."