गार्डसाहेबांच्या गाडीला लेप

आमच्या पूर्णेत कुणी नवी गाडी घेतली, की पेढे वाटायच्या आधी गार्डसाहेब तांब्याभर पाणी घेऊन दारात हजर होतात. गाडीवाल्याला वाटतं, पूजेचं पाणी असेल. तो कौतुकानं बाजूला सरकतो. गार्डसाहेब ते पाणी बोनेटवर ओततात, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि एक डोळा मिटून थेंबांकडे बघत राहतात. थेंब टपोरे, गोल राहिले तर म्हणतात, "उभा हाय." पाणी नुसतंच पसरलं तर मान हलवून म्हणतात, "झोपलं," आणि कुणाकडे दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून परत जातात.

एकदा तर त्यांनी वरातीची गाडी थांबवली होती. फुलांच्या माळा लावलेली गाडी, आत नवरदेव, पुढे बँड. गार्डसाहेबांनी दोन माळा बाजूला सारून पाणी ओतलं. नवरदेवाचे मामा धावत आले.

"काय करायलाव हो काका?"

"रंग बघायलोय."

"नवरदेव हाय आत!"

"असू द्या की. त्याला कुठं लेप लावायचाय?"

गार्डसाहेब म्हणजे आमचे शेजारी मधुकर जोंधळे. त्यांची नि आमची भिंत एकच. सगळी नोकरी त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून केली. रेल्वेनं त्या हुद्द्याचं नाव आता बदललंय म्हणे, पण गल्लीनं काही बदललेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाई'. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच असतात. मुलगा प्रशांत बायको-मुलीसकट जर्मनीत.

हे रंगाचं खूळ त्यांना आधीपासून नव्हतं. थंडी सरता सरता एका सकाळी त्यांच्या दारात लालभडक नवी गाडी उभी राहिली, आणि तिथून हे सुरू झालं. बाजाराला सायकलवर जाणारा माणूस. मी विचारलंच, "गार्डसाहेब, गाडी कामून घेतली?"

"असावी लागते बाई, घरात गाडी."

एवढं बोलून त्यांनी छपरावरची, मला न दिसणारी धूळ पुसली.

गाडी आली, पण ती कुठे जाईना. सकाळी आमच्या भिंतीच्या सावलीत, दुपारी पिठाच्या गिरणीमागे, ऊन कललं की पाण्याच्या टाकीखाली. सावली सरकेल तशी गाडी सरकायची. समोर मोठं कडुनिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली मात्र कधी नाही. "तिथं पाखरं बसतेत," ते सांगायचे. "पाखराची घाण रंगाला खाती. तेजाब हाय ते." आमच्या ह्यांची अशी पक्की खात्री होती, की ती गाडी रस्त्यावर चालली त्याहून जास्त सावलीच्या मागे चालली असेल.

मग लेपाचा शोध सुरू झाला. नव्या गाडीच्या रंगाला ऊन लागू नये, धूळ चिकटू नये म्हणून वरून काहीतरी लावतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. पण काय लावायचं? डबीतलं मेण, फवारून पुसायचं औषध, की ते काचेसारखं कडक होणारं, सिरॅमिक म्हणतात ते? दूधवाला, डॉक्टर, बँकेतले साहेब, कुणाला सोडलं नाही. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असतानाही दंतवैद्याला खुणेनं हेच विचारून आले. त्यांच्या अटी दोनच होत्या.

"लावायला सोपं पायजे, आन टिकाया लय पायजे. बाकी आपल्याला काय म्हणायचं न्हाई."

जितकी माणसं तितकी मतं निघाली. शेवटी गार्डसाहेबांनी स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. घराचं लोखंडी फाटक त्यांनी गाडीच्या लाल रंगानं रंगवून घेतलं, खडूनं रेघा मारून त्याचे भाग पाडले. एका भागाला मेण, दुसऱ्याला फवारा, तिसऱ्याला सिरॅमिकची छोटी बाटली. चौथ्याला खोबरेल तेल, कारण त्यांच्या मेहुण्यांचा तसा आग्रह होता. शेवटचा भाग कोरा. त्याला ते 'बिचारी' म्हणायचे. सकाळी मला ऐकू यायचं, "बिचारीवर पुन्हा झोपलं."

सबंध उन्हाळा त्या फाटकाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. दूधवाला रस्त्यावरूनच हाका मारायचा. मेहुणे एकदा सवयीनं फाटकाला टेकून उभे राहिले, तर गार्डसाहेब चपला न घालता अंगणात धावले. "अहो भाऊजी, मेणावर टेकलाव! तेलावर टेका की, तुमचंच हाय ते!"

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे डांबर मऊ करणारा. खोबरेलावर धुळीचा थर बसून तो भाग चिखलानं लिंपल्यासारखा झाला. मेण महिना-दोन महिन्यांत ओसरलं. फवारा त्याच्यापेक्षा बरा निघाला. सिरॅमिकचा भाग मात्र पहिल्या दिवशी होता तसाच चकचकीत. निकाल उघड होता. प्रशांतनंही फोनवर तेच सांगितलं. फोनचा आवाज मोठा असायचा, आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. "पप्पा, घ्या ना सिरॅमिक. एकदा लावलं की बघायला नको."

नांदेडला हे काम करणारं एक दुकान होतं. पावसाळा सरता सरता गार्डसाहेबांनी फोन करून दिवस ठरवला. माझी बहीण नांदेडला असते, म्हणून मीही त्यांच्यासोबत निघाले. गाडीत सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. जरा हललं तरी कुरकुर वाजायचं. गार्डसाहेब बैलगाडीलाही पुढे जाऊ देत चालले होते.

चुडाव्याच्या अलीकडे रुळांवर एक मालगाडी थांबलेली दिसली. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि तिच्या शेवटच्या डब्याकडे बघत राहिले.

"लय बसलोय बाई इथं," ते म्हणाले. "मालगाडीला कुणीबी थांबवतंय. ह्या गाडीला जाऊ द्या, त्या गाडीला जाऊ द्या. ड्रायव्हर तिकडं पार पुढं, त्याला जोडीदार तरी असतोय. गार्ड एकला मागं."

"मग वेळ कसा जायचा?"

"नलूनं डबा दिलेला असायचा. तो थोडा थोडा खायाचा. सगळा खाल्ला की मग काहीच उरत न्हाई ना करायला."

नलू म्हणजे काकू. ते नाव मी गार्डसाहेबांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकत होते. मालगाडी हलली, तशी आमचीही निघाली.

नांदेडच्या दुकानात दिवेच दिवे होते. दुकानदार तरुण आणि बोलका. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, रंगावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, गाडी एकदम जपली तुम्ही. दोन दिवस इथं ठेवा. धुऊन, घासून, लेप देऊन देतो. पाच वर्षं बघू नका."

"पाच वर्षं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"गॅरंटी देतो की. पाच वर्षं रंग असाच राहणार. तुम्ही नुसतं निवांत बसायचं."

मला वाटलं, गार्डसाहेब आनंदानं 'उभा हाय' म्हणतील. सगळ्या उन्हाळ्याची मेहनत फळाला आली होती. पण ते गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

"त्याच्यापेक्षा कमी टिकणारं हाय का काही?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "जास्त टिकणारं म्हणता?"

"न्हाई, न्हाई. कमी. दिवाळीपोतर पुरलं म्हंजे झालं."

"काका, नवी गाडी हाय. दिवाळी आली की समोर. त्याला मग साधं मेण लावा घरी."

"द्या मग मेणच."

त्यानं मेणाची डबी आणि दोन मऊ फडकी पुढे ठेवली. गाडीत बसल्यावर मला राहवेना.

"गार्डसाहेब, सगळा उन्हाळा फाटकाचं ते सगळं केलं, मग असं कामून?"

त्यांनी चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"हा रंग आमच्या नातीनं पसंत केलाय बाई. मोबाइलवर सगळे रंग दाखवले प्रशांतनं, तर तिनं लालवर बोट ठेवलं. म्हणली, आजोबा, मी आले की पुढं बसणार. म्हणून घेतली गाडी. टेसनावर आणायला जायाचं म्हणून." त्यांनी मेणाची डबी पुढच्या कप्प्यात ठेवली. "प्रशांत म्हणलाय दिवाळीला बघतो. आता मीच पाच वर्षांचं लावून ठिवलं, तर कसं दिसतंय ते? जसं काही येणारच न्हाईत."

त्यांनी गाडी बहिणीच्या घराकडे वळवली. वाटभर प्लास्टिक कुरकुरत होतं.

दिवाळीच्या आधी त्यांनी गाडी धुतली, मेण लावलं, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. त्या दिवशी फटाक्यांमुळे स्वयंपाकघरात काही ऐकू आलं नाही. पण नंतर गार्डसाहेब अंगणात आले नाहीत, त्यावरून काय ते कळलं.

दिवाळी सरल्यावर एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली गार्डसाहेब गाडीला पुन्हा मेण लावत होते. मेण लावून जरा सुकलं की लगेच पुसायचं असतं. ते एका हातानं लावत होते आणि पुसायला धावेपर्यंत मागचं सगळं वाळून पांढरं पडत होतं. निम्मी लाल गाडी पिठात लोळल्यासारखी झाली होती. ते हट्टानं पुढे लावतच होते.

मी खाली गेले आणि दुसरं फडकं उचललं.

"राहू द्या बाई, तुमचं रविवारचं काम असंल."

"कपडे झाले वाळत घालून." मी मागचं दार पुसायला घेतलं. वाळलेलं मेण जोर लावल्याशिवाय निघेना. "प्रशांतला रजा नाही मिळाली का?"

"न्हाई भेटली. पोरीची शाळाबी असती म्हणं. आता उन्हाळ्यात बघतो म्हणलाय."

आम्ही दोघं कामाला लागलो. ते पुढे लावत जात होते, मी मागून पुसत होते. लाल रंग हळूहळू वर येत होता. समोरून जाणाऱ्या दूधवाल्यानं घंटी वाजवली, गार्डसाहेबांनी फडकं हलवलं.

"उन्हाळ्यापर्यंत टिकेल का हे?" मी विचारलं.

"कुठलं टिकतंय. मधी अजून एकदा लावावं लागंल." ते बोनेटपाशी वाकून मेण लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवा याल का?"

"येईन की," मी म्हटलं, आणि पुढच्या दाराकडे वळले.