मी जर्मनीला नाही म्हटलं त्याची गोष्ट

जगातल्या विद्यापीठांबद्दल काही अडलं असेल तर मला विचारा! हसू नका. मी दारव्हा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, शंकरसिंग. अक्षरं शिकलो एकसष्टाव्या वर्षी, तीही नातीकडून. पण उशिरा पंगतीला बसलेल्या माणसासारखा अक्षरांवर असा तुटून पडलो, की खताच्या पोत्यापासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत काही सोडलं नाही!

नात म्हणजे वर्षा. शेतकी कॉलेजात पहिली आली आणि म्हणाली, "दादा, मले मातीचं शास्त्र शिकाले परदेशात जायचं हाय." (आमच्यात आजोबाला दादा म्हणतात.)

"माती पाहाले परदेशात? इथं तुह्या पायाले कमी लागली काय?"

पण पोर हटेना. मग मीच मामला हाती घेतला. चाळीस वर्षं तांड्यातल्या पोरींसाठी स्थळं पारखली, देश पारखायला असं काय लागतं! गोठ्याच्या टिनाच्या दारावर खडूने चार रकाने पाडले. वर्षा सांगेल ते मी लिहायचं.

इंग्लंड : एका वर्षात उरकतं, पण फी ऐकून माझ्या बायकोच्या, जमनीच्या, हातातलं पीठ परातीबाहेर सांडलं. अमेरिका : दोन वर्षं, फी तशीच दांडगी, वर अर्जाचेही पैसे! म्हणजे पोरगी पाहायला आलेल्यांनी जीपचं भाडं मागावं तसं. आपला देश : फी झेपते, पण शेजारच्या हरिसिंगच्या पोराची चुकलेली मार्कशीट दुरुस्त होऊन आली, तेव्हा त्या पोराचं पोरगं चालायला लागलं होतं. जर्मनी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही!

"फी नाही?" हरिसिंग दारापाशी येऊन रकाने न्याहाळू लागला. तो माझा जन्माचा टीकाकार. "नायक, जो काहीच मागत नाई, त्याच्या पोरात खोट असते."

शंका मलाही होतीच. वर्षाला तीनदा खोदून विचारलं.

"दादा, तिथलं सरकार भरते. शिकलेला माणूस साऱ्याइच्या कामी येते, असं त्याइले वाटते."

"अन् शिकून कोणी पळून गेलं तर?"

"तरी भरते."

असलं दिलदार स्थळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. रकान्यावर मोठी बरोबरची खूण केली. जर्मनी पास!

चार महिन्यांनी तिथल्या एका विद्यापीठाने वर्षाला जागा दिली. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. राहण्या-खाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्याच जागेवर अवलंबून. जागा गेली तर सगळंच गेलं. गुरुवारी सकाळी वर्षा एका दाखल्यासाठी यवतमाळला निघाली. तिचा फोन दुरुस्तीला टाकलेला, म्हणून तिची मेल माझ्या फोनवर चालू केलेली.

"संध्याकाळी येऊन मीच उत्तर पाठवीन. तुम्ही कुठं बोट लावू नका, दादा!"

"मी काय लहान लेकरू हाय?"

अकरा वाजता फोन वाजला. जर्मनीचीच मेल! मराठी करायचं बटण मला येतं. दाबलं. 'प्रिय वर्षा, आम्ही तुमच्या उत्तराची वाट पाहत आहोत. तुम्ही ही जागा स्वीकारता का?'

आता तुम्हीच सांगा, एवढं मोठं घराणं दारात उभं आहे, आणि घरचा कर्ता तोंड शिवून बसेल? आमच्याकडे चांगलं स्थळ सांगून आलं की पहिल्या विचारणीला कोणी हो म्हणत नाही. चटकन हो म्हटलं तर पोर घरात जड झाली होती, असं दिसतं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान डोलवायची. समोरच्यालाही हे ठाऊक असतं. तो पान लावत बसूनच राहतो.

मी एका बोटाने दीड तास खपून लिहिलं, 'रामराम. जागा ठेवली हा तुमचा मोठेपणा. पण आमची पोर साधी, कोरडवाहू रानातली. तुमच्यात बसायची तिची लायकी नाही. ही जागा एखाद्या मोठ्या घरच्या लेकराला द्या. आपला, शंकरसिंग नायक.' बटण दाबून जर्मन केलं, पाठवलं.

नऊ मिनिटांत उत्तर! 'आपला निर्णय कळला. आम्ही त्याचा आदर करतो. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.'

"पाह्य!" मी हरिसिंगच्या नाकासमोर फोन धरला. "आदर करतो म्हणते!"

"घराणं चांगलं दिसते," हरिसिंगने पहिल्यांदाच माझं मान्य केलं. "आता दुसरं बोलावणं येईन. तवाबी नाईच म्हणजो."

फक्त जमनी म्हणाली, "पण ही रीत त्याइले माहीत हाय काय?"

"एवढं मोठं विद्यापीठ चालवतात, अन् एवढं माहीत नसन?"

मी पागोटं बांधून दुसऱ्या बोलावण्याची वाट पाहत बसलो.

सव्वापाचला वर्षा जीपमधून उतरली. फोन पाहिला आणि होती तिथेच मातीत बसली.

"दादा... तुम्ही नाई म्हटलं?"

"एकदाच म्हटलं!" मी धीर दिला. "अजून एकदा बाकी हाये!"

"तिथं एकदाच विचारतात! अन् नाई म्हटलं की नाई असते!"

"असं कसं? मंग त्याइचे लग्नं कसे जमतात?"

वर्षा रडत होती. जमनीने माझ्याकडे असं पाहिलं की पागोटं आपोआप सैल झालं. विद्यापीठाच्या कचेरीत आपल्या साडेपाचपर्यंतच फोन घेतात. वर्षाने डोळे पुसून फोन लावला. उचलणारी बाई मेल लिहिणारीच निघाली. वर्षा इंग्रजीत भडाभडा बोलली, मग माझ्याकडे वळली.

"बाई म्हणते, त्या गृहस्थालेच विचारा. नातीनं यावं असं वाटते का नाई? एका शब्दात सांगा."

पहिल्या विचारणीला हो मी आयुष्यात म्हटलं नव्हतं, जमनीसाठीसुद्धा नाही! जीभ सवयीने 'न'वर गेली. तेवढ्यात जमनीने कमरेला असा चिमटा काढला की मी ओरडलो, "हो! येस! हो!"

तिकडून हसणं ऐकू आलं. मग बाई बराच वेळ बोलली. ऐकता ऐकता वर्षाचा चेहरा उजळला.

"दादा, जागा हाय! बाई म्हणते, मेल माह्या नावानं आली म्हणून घाईत उत्तर गेलं. मंग खालची सही पाह्यली. शंकरसिंग नावाचा विद्यार्थी त्याइच्या यादीत नाई. त्यामुळं त्याचा नकार घेताच येत नाई!"

म्हणजे दीड तासाचा माझा नकार गेला कचऱ्यात, आणि जन्मातला पहिला होकारही कोणाला लागला नाही!

त्या संध्याकाळी वर्षाने स्वतः होकार पाठवला, आणि लगेच मेलचा पासवर्ड बदलला. मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "दादा, नवा पासवर्ड सांगू तुमाले?"

मी आपल्या रीतीने म्हटलं, "कायले बेटा, राहू दे."

"बरं," ती म्हणाली, आणि जेवायला गेली.

वर्षा जर्मनीत जाऊन पाच महिने झाले. दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते, ढोरांची खबर घेते. पण पासवर्डचं दुसऱ्यांदा काही विचारलं नाही. मी अजून वाट पाहून राह्यलो!